शेंडा आणि बुडखा

माणसाला कुठलीही वस्तू आहे तशी वापरवत नाही. स्टीलच्या पेल्यावर नाव घातल्याशिवाय त्यातून पाणी पिणारी मराठी बाई माझ्या पाहण्यात नाही. नव्या स्कूटरची सीट कारखान्यातून चांगली येते, तरी तिच्यावर कव्हर चढतं. आमच्या शाखेत नवा स्टेपलर आला की हेडकॅशियर आधी त्याची स्प्रिंग ओढून बघतात, 'जरा कडक आहे' असा शेरा मारतात आणि ती कायमची सैल करून ठेवतात. मग वर्षभर तो स्टेपलर फक्त त्यांच्याच हातात चालतो. बाकीच्यांनी टाचण्या लावायच्या.

खेळाच्या सामानात तर हा रोग फार जुना. विटीदांडूचा दांडू दुकानातून विकत आणणाऱ्या मुलाला आमच्या लहानपणी कोणी डावात घेत नसे. दांडू हा तासायचाच असतो. कॅरमचा स्ट्रायकर नियमाप्रमाणे १५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. पण नियमाच्या आत राहून जे जे करता येईल ते आम्ही करत असू. काचपेपरवर घासून 'सेट' केलेला स्ट्रायकर दुसऱ्याला वापरायला देणं म्हणजे दात घासायचा ब्रश उसना देण्यासारखं होतं.

हे सगळं सांगायचं कारण, गेलं वर्षभर आमच्या घरात एका काठीवरून हाच विषय चालू आहे.

मी पूल खेळतो. अंबरनाथमध्ये हे वाक्य बोलणं तितकंसं सोपं नाही. पहिल्यांदा सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी काळजीने हिला फोन केला, "जावई शनिवारी पुलावर कशाला जातात गं? घरात काही बोलाचाली झाली का?" त्यांच्या डोळ्यांसमोर वालधुनीवरचा पूल आला होता. हिने समजूत घातली, की हा पूल म्हणजे कापड लावलेलं टेबल, सहा भोकं, पंधरा रंगीत चेंडू आणि एक पांढरा. "मग त्याला पूल का म्हणतात?" याचं खरं उत्तर, म्हणजे पूर्वी खेळणारे पैजेचे पैसे एकत्र टाकत त्या राशीला पूल म्हणत, हे सासूबाईंना सांगण्यासारखं नव्हतं. त्यात आणखी घोटाळा असा, की डाव्या हाताच्या बोटांची जी कमान करून तिच्यावर काठी टेकवतात, तिला खेळाडू 'ब्रिज' म्हणतात. म्हणजे पुलात पुन्हा पूल. हिने तिथे फोन ठेवला.

काठीला क्यू म्हणतात. पार्लरमधली पोरं 'स्टिक' म्हणतात, आमची सौ. 'दांडकं' म्हणते. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र शेपूट! पूर्वी हा खेळ पुढे लाकडी ठोकळा बसवलेल्या दांड्याने खेळत. चेंडू कडेला चिकटला की ठोकळा आत जाईना, मग दांडा उलटा करून त्याच्या शेपटाने मारायचं. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की शेपटानेच नेम चांगला लागतो. ठोकळा गेला, शेपूट राहिलं. बँकेत काही बढत्या याच पद्धतीने झालेल्या मी पाहिल्या आहेत, पण तो विषय वेगळा.

माझं शेपूट उल्हासनगरच्या बाजारातलं. त्याच्यावर सोनेरी अक्षरांत 'यूएसए' लिहिलेलं आहे. आमच्या पट्ट्यात त्या तीन अक्षरांचा अर्थ कोणी कोणाला विचारत नाही. लाकूड मात्र चांगलं मेपलचं. मधोमध स्क्रूने उघडणारी, ५८ इंच लांब, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५४० ग्रॅम. पुढचा निमुळता अर्धा तो शाफ्ट, मागचा जाडा अर्धा तो बट. मराठीत यांना शेंडा आणि बुडखा असे नेमके शब्द तयार असताना इंग्रजीची गरज काय, हे मला कळत नाही.

आता मूळ प्रकरण. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली ती १ सप्टेंबर २०१५ पासून. तेव्हापासून आमचा चौघांचा अड्डा आहे. या दोन शनिवारांसाठी मी ऑफिसरची बढती दोनदा नाकारली. बढती म्हणजे बदली, आणि बदलीच्या गावी पूल असलाच तर तो नदीवर असणार.

आणि गेल्या माघात माझा उजवा खांदा गोठला. फ्रोझन शोल्डर. पडलो नाही, धडपडलो नाही, ओझं उचललं नाही. एके दिवशी शर्टाच्या बाहीत हात घालायला गेलो आणि हाताने नकार दिला. डॉक्टर म्हणाले, "चाळीस ते साठ या वयात होतो. बरा होतो, पण वर्ष-दीड वर्ष घेतो, कधी जास्तही." रात्री त्या कुशीवर झोपता येईना. वरच्या फळीवरची फाइल काढता येईना. हात पाठीमागे वळेना, त्यामुळे पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढता येईना. हॉटेलात बिल आलं की मी प्रामाणिकपणे प्रयत्न करायचा आणि कण्हायचं. मित्रांनी तीन वेळा सहानुभूती दाखवली. चौथ्या वेळी एकाने उठून माझं पाकीट स्वतःच्या हाताने काढून दिलं.

हे सगळं चाललं असतं. पण माझ्या जागी शनिवारी त्यांनी आमच्याच शाखेतला नवा प्रोबेशनरी ऑफिसर घेतला. "तात्पुरता," असं मला सांगण्यात आलं. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला तात्पुरता या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमच्या शाखेच्या दारातला तात्पुरता जिना मी नोकरीला लागलो तेव्हाही तिथेच होता. चाळिशीनंतर माणसाला नवे मित्र मिळत नाहीत, फक्त ओळखी वाढतात. हे चौघं गेले तर पुढचे शनिवार मी कुठल्या पुलावर जाऊन बसायचं?

मदत आली ती भलत्याच बाजूने. फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दाखवला: टेबलाजवळ उभं राहायचं, चांगल्या हाताने टेबलाचा आधार घ्यायचा, कमरेत वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा मागे-पुढे झुलवायचा. मी बघतच राहिलो. टेबलावर वाका आणि हात लंबकासारखा हलवा, हेच तर पूल शिकवणारा पहिल्या दिवशी सांगतो!

"बाई, या हातात काठी धरली तर?"

"किती जड?"

"पाचशे चाळीस ग्रॅम."

"आत्ता नाही. तीन-चार महिन्यांनी बघू. आणि हलकी, बरं का. ताकद लावायची नाही."

हे वाक्य मी लगेच कागदावर लिहून घेतलं आणि घरी हिला दाखवलं. ही म्हणाली, "सही कुठे आहे?" बँकवाल्याची बायको.

काठी हलकी करायची म्हटल्याबरोबर चारी दिशांनी सल्ले सुरू झाले. पार्लरमधली पोरं म्हणाली, "अंकल, कार्बन फायबरचा शाफ्ट घ्या." किंमत ऐकल्यावर दुसरा खांदाही गोठायला लागला. अड्ड्यातल्या एकाने उलटा सल्ला दिला: हात कमी फिरतो तर बुडख्यात जड बोल्ट टाक, काठीच काम करील. या काठ्यांच्या बुडात रबरी बुचाच्या आत खरोखरच एक बोल्ट असतो. तो बदलून वजन कमी-जास्त करता येतं. तिसरा म्हणाला, "काठीला हात लावू नकोस. स्टीफन हेंड्रीने सातही जागतिक अजिंक्यपदं एकाच क्यूने मिळवली. ती २००३ साली विमानप्रवासात मोडली, त्यानंतर एकही नाही." दाखला बिनतोड होता. पण हेंड्रीचा खांदा गोठलेला नव्हता आणि माझ्या नावावर एकही अजिंक्यपद नाही, तेव्हा गमावण्यासारखं काय होतं?

शेवटी मी खालच्या मजल्यावरच्या दादांकडे गेलो. दादा ऑर्डनन्स फॅक्टरीत अडतीस वर्षं टर्नर होते. निवृत्तीनंतर पुतण्याच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात एका जुन्या लेथवर किरकोळ कामं करायचे. पुतण्याने नवं सीएनसी मशीन घेतलं, तेव्हापासून दादांचा लेथ कोपऱ्यात होता आणि दिवाळीआधी भंगारात जाणार होता. दादा त्याविषयी बोलत नसत. संध्याकाळी शिवमंदिरापाशी जाऊन बसत. मी तिथेच गाठलं.

दादांनी क्यू हातात घेतली, एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर फिरवली, मग एका बोटावर आडवी तोलून धरली. ती तोलली गेली बुडापासून साडेअठरा इंचांवर.

"कुठे दुखतं?"

"हात मागे गेला की."

"मग हात मागे न्यायचाच कशाला? काठी लांब आहे तुझी. बोल्ट टाकायला कोण सांगतो? वजन मागे टाकलंस तर ते याच हाताने पेलायचं ना? मागचं काढ. पुढचं वजन डाव्या हाताच्या पुलावर जाऊ दे."

"किती काढायचं?"

"चार इंच."

मला कापरं भरलं. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. दादांनी मंदिराकडे बोट केलं. "हे १०६० साली पुरं झालं. ही एवढी चित्रं दगडात घालून झालीत की दगडातून काढून? लावणारा चुकला तर खरवडता येतं. काढणाऱ्याने आधी विचार करायचा असतो. तो मी करतो. तू फक्त खेळताना ही काठी काय त्रास देते ते सांग."

मी सांगितलं. चेंडूच्या मधोमध मारलं तर तो सरळ जातो. पण फिरकी द्यायला उजवीकडे मारलं, की चेंडू थोडा डावीकडे सरकून निघतो. डावीकडे मारलं तर उजवीकडे. सगळ्यांच्याच काठ्यांना ही खोड असते, कुठे कमी कुठे जास्त. खेळणारा नेम धरतानाच तेवढं सांभाळून घेतो. नव्या सुनेने सासूचा स्वभाव सांभाळावा, तसं.

दादा दोन दिवस विचार करत होते. तोवर मीही वाचून घेतलं. प्रकार असा आहे: काठीचं टोक चेंडूला चिकटलेलं असतं ते सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं. बाजूला मारलं की चेंडू फिरायला लागतो आणि टोकाला आडवा ढकलतो. टोक जड असेल तर ते हटत नाही, मग चेंडूच उलट बाजूला सरकतो. टोक हलकं असेल तर ते स्वतः बाजूला होतं आणि चेंडूला आपल्या वाटेने जाऊ देतं. आणि एवढ्या थोड्या वेळात या धक्क्याची खबर शेंड्याच्या वीतभर भागाच्या मागे पोचतच नाही. बुडख्यात शिसं भरा, सोनं भरा, नाहीतर यूएसए लिहा, या आडव्या ढकलाढकलीत चेंडूला त्याचा पत्ता नसतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत टोक पोकळ केलेले शाफ्ट निघाले ते याच हिशोबाने. आणि जगातले निम्मे लोक बुडख्यालाच नक्षी काढत बसलेले! मुख्य कार्यालयाने कितीही परिपत्रकं काढली तरी काउंटरवर गिऱ्हाइकाची गाठ पडते ती कारकुनाशीच. मला ही काठी एकदम जवळची वाटू लागली.

मी हे दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे बुडखा तुझ्या खांद्यासाठी कापायचा आणि शेंडा चेंडूसाठी तासायचा. दोन वेगळे जॉब आहेत. दसऱ्यापर्यंत थांब."

"दसऱ्यापर्यंत?"

"पावसाळ्यात लाकूड फुगतं. आता माप घेतलं तर ते मापही फुगलेलंच येणार."

खंडेनवमीला दादांनी लेथ धुऊन पुसून त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल वाहिलं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही गाळ्यात गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी दादांनी तीनदा माप घेतलं. बुडखा चकात धरला. चार इंच वेगळे व्हायला अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. नव्या बुडाला भोक पाडून जुन्या बोल्टऐवजी जेमतेम ४० ग्रॅमचा बोल्ट बसवला. शेंड्याचं काम मात्र सकाळपासून दुपारपर्यंत चाललं. टोक १३ मिलिमीटरचं होतं, ते १२ वर आणायचं, आणि तेही मागे निमुळतेपणा मोडू न देता. आयुष्यभर लोखंड कातलेला माणूस लाकडावरून पट्टीने काचपेपर फिरवत होता, थांबत होता, बोटाने चाचपत होता, व्हर्निअर लावत होता. पुतण्या मध्ये दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तो बराच वेळ उभा राहिला आणि काही न बोलता चहा सांगून गेला.

मग टिप. टोकाला जी चामड्याची गोळी चिकटवतात, तिच्याशिवाय या खेळात फिरकीच नाही. तिचं श्रेय मिंगो नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तुरुंगात होता, तिथे बिलियर्डचं टेबल होतं. काही लोक त्याला बॅस्टिलच्या तुरुंगात बसवतात, पण बॅस्टिल लोकांनी १७८९ सालीच पाडलेला होता. सुटकेचा दिवस आला तेव्हा 'प्रयोग अर्धवट राहतील, आणखी थोडे दिवस राहू द्या' असं तो म्हणाला, अशी दंतकथा आहे. बढती नाकारणाऱ्या माणसाला ती अगदी खरी वाटते. टिपवर लावतात तो खडूसुद्धा खडू नसतो. सिलिका आणि कुरुंदासारख्या कठीण भुकटीची ही वडी १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी काढली. एवढं सगळं कशासाठी, तर टोक चेंडूवरून घसरू नये म्हणून.

टिपला घुमटासारखा गोल आकार द्यावा लागतो. अमेरिकन लोक तो पाच सेंटांच्या नाण्याच्या कडेशी ताडून बघतात. ते नाणं २१ मिलिमीटरचं. २०११ साली निघालेला आपला रुपया २२ ला किंचित कमी. नाण्यांच्या बाबतीत तरी आमचं खातं दादांच्या पुढे होतं. मी खिशातून (पुढच्या) रुपया काढला, दादांनी त्याच्याशी जुळवत कानस फिरवली.

घरी काट्यावर क्यू भरली ४७५ ग्रॅम. तोल शेंड्याकडे अडीच इंच सरकला होता. मी वहीत खर्च लिहायला बसलो आणि अडलो. दुरुस्ती हा महसुली खर्च, सुधारणा हा भांडवली खर्च, असं आम्हाला बी.कॉम.ला शिकवलं होतं. पण मालमत्ता चार इंचांनी कमी होऊन तिची किंमत वाढली, तर ते कुठल्या रकान्यात दाखवायचं हे कुठल्याही वर्षाला शिकवलेलं नव्हतं. दादांनी मजुरी घेतली नाही, त्यामुळे तो रकाना रिकामाच राहिला.

चौथ्या शनिवारी गेलो. हात पूर्वीच्या निम्माच मागे जात होता, पण काठी आखूड असल्याने तेवढा पुरत होता. खांदा कुरकुरला, ओरडला नाही. अडचण डोळ्यांची झाली. वर्षानुवर्षं काठीची खोड सांभाळून नेम धरायची डोळ्यांना सवय. आता खोडच राहिली नाही तर सांभाळायचं कोणाला? फिरकी द्यायची असली की चेंडू मी बघत होतो तिथे सरळ जात होता आणि डोळ्यांना ते पटत नव्हतं. सासू वारल्यावर सुना काही दिवस अशाच घरभर बावरलेल्या असतात. दुसऱ्या डावाच्या शेवटी एक काळा चेंडू उजव्या फिरकीने कोपऱ्यात गेला तेव्हा मी सोडून सगळे बोलले.

प्रोबेशनरी ऑफिसर म्हणाला, "सर, बघू जरा." मी क्यू दिली. पोरगा चांगला खेळतो. त्याने आपल्या सवयीने नेम थोडा बाजूला धरला, आणि चेंडू पॉकेटच्या कडेवर आपटून परत आला. पुन्हा मारला, पुन्हा तसंच. आमच्या हेडकॅशियरच्या स्टेपलरची मला आठवण झाली. पुढच्या शनिवारपासून आम्ही पाच जण आहोत आणि एक जण आळीपाळीने चहा आणतो.

लेथ धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गेला. टेम्पोत चढवताना दादा गाळ्यात गेले नाहीत, आमच्याकडे येऊन बसले. हिने फराळाचं पुढे केलं. त्यांनी खिशातून एक पुडी काढून माझ्या मुलीच्या हातात दिली. माझ्या बुडख्याच्या चार इंची तुकड्याचा त्यांनी भोवरा कातला होता. बारीक खाचा, खाली लोखंडाची आर, आणि वरच्या कडेला सोनेरी 'यूएसए'मधला फक्त 'ए' शिल्लक. पोरीला जाळी गुंडाळायला त्यांनीच शिकवलं. आमच्या गॅलरीत तो भोवरा इतका वेळ उभा फिरतो, की शेजारची मुलं घड्याळ लावून बघतात.

दादा रोज संध्याकाळी वर येतात, चष्मा लावून भोवरा हातात घेतात, आणि मुलीला म्हणतात, "आर अर्धा सूत बाहेर आहे गं. उद्या कानस घेऊन येतो."